लिओरा कुचेराचं विसावं मत

लिओरा कुचेराने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली आणि सव्वीस वर्षं पार्टी. दोन्हींत बस सोपी, असं ती म्हणे, कारण बसमध्ये निदान कुणीतरी बसलेलं असायचं.

नेब्रास्कातल्या लोन ट्री काउंटीत गायी नऊ हजार आणि मतदार सहाशे. त्या सहाशेंतले पाचशेहून जास्त हत्तीछाप, थोडे कुठलेच नाहीत, आणि उरलेले मूठभर गाढवछाप. ही नावं कुणी टवाळीने ठेवलेली नाहीत. दोन्ही पार्ट्यांची चिन्हंच तशी आहेत आणि दोघांनाही त्यांचा अभिमान आहे. लिओरा गाढवछापच्या काउंटी कमिटीची अध्यक्ष. सव्वीस वर्षांपूर्वी सभेला सहाजण आले होते आणि अध्यक्ष निवडायची वेळ झाली तेव्हा ती कॉफी आणायला आत गेली होती. ट्रे घेऊन बाहेर आली तर टाळ्या चालू होत्या. तेव्हापासून ती सभेआधीच कॉफी करून ठेवते, पण आता त्याचा काय उपयोग.

मूठभर म्हणजे नक्की किती, हे दर दोन वर्षांनी बदलतं. खरी निवडणूक नोव्हेंबरात. त्याआधी मे महिन्यात दोन्ही पार्ट्या आपापला उमेदवार कोण असावा हे आपल्याच मतदारांना विचारतात, आणि ज्या पार्टीत तुमचं नाव नोंदलेलं त्याच पार्टीची मतपत्रिका तुमच्या हातात पडते. आता लोन ट्रीत शेरीफ हत्तीचा, रस्त्यांचा कमिशनर हत्तीचा, वजनकाटे तपासणारासुद्धा हत्तीचा. नोव्हेंबरात त्यांच्यासमोर चिटपाखरू उभं राहत नाही. म्हणजे जे काय ठरायचं ते मे महिन्यात, हत्तीच्याच मतपत्रिकेवर. म्हणून बापजाद्यांपासून गाढवछाप असलेली माणसंही एप्रिलात काउंटी क्लार्कच्या कचेरीत जाऊन गुपचूप फॉर्म भरतात आणि तेवढ्यापुरती हत्ती होतात. काम झालं की परत यायचं, असा रिवाज आहे. काही येतात, काही विसरतात. लिओराचा नवरा अल्विन दोन शेरीफांपूर्वी तिकडे गेला होता, तो अजून आला नव्हता.

त्या वर्षी मार्चमध्ये पार्टीच्या राज्याच्या कचेरीतून पत्र आलं. फार गोड पत्र होतं. त्यात ‘ग्रामीण भाग’ हे शब्द अकरा वेळा आले होते. पार्टीला आता ग्रामीण भागाकडे नव्याने लक्ष द्यायचं होतं, म्हणून ज्या काउंटीत मे महिन्यात गव्हर्नरपदासाठी वीसपेक्षा कमी मतं पडतील ती काउंटी कमिटी बंद करून शेजारच्या कमिटीत विलीन करण्यात येणार होती.

शेजारची कमिटी म्हणजे डॉक्टर व्हर्लिन स्ट्रॉमक्विस्ट. निवृत्त दंतवैद्य. पंचेचाळीस मैलांवर राहतो आणि चाळीस मिनिटांखाली बोलत नाही. समोरच्याचं तोंड उघडं असावं पण त्याने उत्तर देऊ नये, ही सवय त्याला धंद्यातून लागलेली. लिओराने पत्र दोनदा वाचलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. तिला वाईट वाटलं, आणि अशा फालतू कमिटीसाठी आपल्याला वाईट वाटतंय याचा रागही आला. सव्वीस वर्षांत तिने एकही निवडणूक जिंकली नव्हती, पण कमिटीचं दुकान एक दिवस बंद ठेवलं नव्हतं.

मग तिने यादी काढली. हक्काची माणसं चौदा. हत्तीकडे जाऊन विसरलेली बारा, त्यात घरचं एक. सहा जण परत आणले की झालं. पण वर्ष वाईट होतं. रस्त्यांचा कमिशनर डेलमर ब्रँट पुन्हा उभा होता आणि त्याच्याविरुद्ध एक तरुण शेतकरी. डेलमरने तीन वर्षांत कुचेरांच्या रस्त्यावर खडीचा एक खडा टाकला नव्हता. अल्विनच्या ट्रकचा पाटा दोनदा तुटला होता. अल्विन तसा देवमाणूस, पण खडीचा विषय निघाला की त्याच्या मानेची शीर दिसायला लागे.

"मी डेलमरच्या विरोधात मत टाकणार," तो म्हणाला. "मग मला हत्ती म्हण, घोडा म्हण, काय वाट्टेल ते म्हण."

"माझी कमिटी जाईल, अल्विन."

"तुझी कमिटी दोन वर्षांतून एकदा येते. तो खड्डा मला रोज भेटतो."

खड्डा लिओरालाही रोज भेटायचा.

त्यात गंमत अशी की हा डेलमर म्हणजे आर्डिसचा सख्खा भाऊ. आर्डिस ब्रँट समोरच्या टेकाडापलीकडे दोन मैलांवर राहते आणि ती हत्तीछापची काउंटी अध्यक्ष आहे. पहिलीपासून दोघी एका बाकावर. दोन्ही पार्ट्यांत मिळून कॉफीचं एकच मोठं भांडं आहे, चाळीस कपांचं, निम्मे पैसे हिचे निम्मे तिचे. सभांच्या तारखा त्या भांड्याच्या सोयीने ठरतात. आर्डिस गाढवांच्या जेवणाला येते, लिओरा हत्तींच्या जेवणाला जाते, आणि परतताना दोघी एकमेकींच्या भाषणांची टर उडवतात. लिओराने तिला पत्र दाखवलं तेव्हा आर्डिस चष्मा लावून सगळं वाचत बसली आणि म्हणाली, "अकरा वेळा कुठे, बारा वेळा आहे."

आता उमेदवारांचं. गव्हर्नरच्या जागेसाठी गाढवछापमधून दोघं होते. एक ग्रँट विल्कॉक्स, ओमाहातला वकील, सहा फूट दोन इंच, जाहिरातीत घोड्यावर. राज्याच्या कचेरीचं म्हणणं, गावाकडे चालेल तर हाच. दुसरी टेरेसा माल्डोनाडो, दक्षिण ओमाहातली. आईबाप मांसाच्या कारखान्यात, ती आधी शाळेत नर्स, मग आमदार. कचेरीचं म्हणणं, बाई हुशार आहे, पण गावाकडे चालायची नाही. गावाकडच्या कुणाला याबाबत विचारलेलं नव्हतं. लिओराने दोघांनाही एप्रिलातल्या शेवटच्या रविवारी आपल्या अंगणात बोलावलं. पार्टी बदलायचे फॉर्म त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होते. विसरलेल्या बारांनी येऊन बघावं, त्यांचं मन फिरावं, एवढाच तिचा डाव होता.

चाळीस माणसं आली. चौदा गाढवं, बारा विसरलेली, आणि चौदा शुद्ध हत्ती, कारण लिओराची चिली सगळ्या काउंटीत प्रसिद्ध आहे. खिमा आणि राजम्याचं ते तिखट कालवण, आणि त्यासोबत दालचिनीचा गोड रोल. इथल्या शाळांत पोरांना दुपारी हेच मिळतं. रोल तोडायचा, चिलीत बुडवायचा, खायचा. बाहेरच्या माणसाला हे बघून कसंतरी होतं आणि म्हणूनच बाहेरचा माणूस लगेच ओळखू येतो.

विल्कॉक्स दीड वाजता आला, दोन कॅमेरेवाले घेऊन. बूट कोरे करकरीत, टोपी त्याहून. सगळ्यांशी हात मिळवले, प्रत्येकाचा हात मिळवताना दुसऱ्या हाताने त्याचं कोपर धरलं. चिली घेतली, रोल बाजूला सारला आणि म्हणाला, हा गोड पदार्थ मी शेवटी खाईन. चाळीस माणसांनी आपल्या ताटांत बघितलं. मग कॅमेरेवाल्यांनी त्याला गोठ्यामागे नेलं, तिथे काहीतरी चित्रण झालं, आणि सतरा मिनिटांत धूळ उडवत गाड्या गेल्या.

"वेगळाच आहे," आर्डिस म्हणाली. लोन ट्रीत याहून मोठी शिवी नाही.

माल्डोनाडोबाई अडीचला आल्या, एकट्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून. गाडीत चार्ज संपत आला होता आणि सगळ्यात जवळचं चार्जिंग साठ मैलांवर. अल्विनने वेल्डिंगच्या मशीनचं सॉकेट दिलं, पण त्यावरही परत जाण्यापुरतं भरायला चार तास लागणार होते. म्हणजे उमेदवार अडकली. तिने भाषण केलं, ते आठ मिनिटांत संपलं. प्रश्न विचारले गेले, तेही संपले. चिली खाल्ली, रोल न बघताच बुडवला. मग करायचं काय, म्हणून ती पत्ते खेळायला बसली. अल्विन तिचा जोडीदार. हातात काही नसताना तिने चारची बोली लावली आणि अल्विनसकट बुडाली. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा अल्विनने पत्ते टेबलावर ठेवून आभाळाकडे बघितलं. गव्हर्नर झालीस तर बजेट दुसऱ्या कुणाकडून करून घे, असं तो म्हणाला, आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की अंगणातली कुत्री उठली.

साडेतीनच्या सुमाराला गायी ओरडायला लागल्या. एखादी गाय हंबरते तसं नव्हे. एकतीस गायी, एकदम, घसा फाटेपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूने एकतीस वासरं.

गोठ्यामागे कापलेल्या मक्याचं रान आहे. गायी तिथे धाटं खायला जातात, पोटभर झालं की गोठ्याशी झोपलेल्या वासरांकडे परत येतात. मधे फाटक आहे आणि ते उघडं असतं. इथला कायदा साधा आहे. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. चार वर्षांचं पोरही तो जाणतं. बायबलातल्या आज्ञा पुढेमागे झाल्या तर पाद्री समजून घेतो, या बाबतीत कुणी समजून घेत नाही. तर ते फाटक कुणीतरी लावलं होतं, वर कडीही घातली होती.

अल्विन पोचेपर्यंत उशीर झाला होता. पुढच्या दोन गायींनी कुंपणाचे खांब आडवे केले आणि बाकीच्या त्यांच्यामागून आल्या, वासरांच्या बाजूने पुढे, सरळ अंगणात. चिलीचं पातेलं गेलं. हिरव्या जेलीचं सॅलड एका गायीने परातीसकट चाटून पुसून संपवलं. आर्डिस कॉफीचं भांडं छातीशी धरून ओट्यावर चढली आणि तिथून सगळ्यांना सूचना देत राहिली. माल्डोनाडोबाई आपल्या गाडीच्या टपावर होत्या. कशा चढल्या कुणी पाहिलं नाही.

तासाभराने जनावरं आपापल्या वासरांशी लागली. अल्विन घामाने निथळत गाडीपाशी आला. शहरातली बाई, दुसरं कोण असणार, असं त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं.

"बाई, ते फाटक तुम्ही लावलंत?"

"मी तिकडे गेलेच नाही हो," ती टपावरूनच म्हणाली. "मला गायींची भीती वाटते."

नेब्रास्काच्या गव्हर्नरपदाला उभी असलेली बाई हे बोलत होती. लिओराला वाटलं, संपलं सगळं, आता वीस सोड, पंधराही व्हायचे नाहीत. तेवढ्यात साठ वर्षं जनावरं राखलेला म्हातारा ऑरव्हिल कुबिक पुढे झाला, तिला उतरवायला हात दिला आणि म्हणाला, "मलाही वाटते. मी कधी बोललो नाही एवढंच."

फाटक कुणी लावलं ते संध्याकाळी कळलं. सगळ्या राज्याला एकदम कळलं. विल्कॉक्सने नवी जाहिरात इंटरनेटवर टाकली होती. मागे लख्ख ऊन, मक्याचं रान, कुचेरांचा गोठा. तो कॅमेऱ्याकडे बघत फाटकाशी येतो, म्हणतो, "जुन्या राजकारणाला मी असं फाटक लावतो," आणि लावतो. मग कडी घालतो. मग हसतो.

ओमाहात आणि लिंकनमध्ये चाळीस हजार लोकांनी त्यावर लाल बदाम दाबले. सोमवारी सकाळी राज्याच्या कचेरीतून एका उत्साही मुलाचा फोन आला की लिओराबाई, कमाल झाली, ग्रामीण भागाशी आपली नाळ जुळली. लिओराने त्याला सांगितलं की आमच्याकडे एकतीस वासरं आहेत, त्यांना एकदा विचारून घे. त्याने ते लिहून घेतलं.

लोन ट्रीत ती जाहिरात गुरांच्या खाद्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे, सगळीकडे पुन्हा पुन्हा लावून बघितली गेली. कडी घालायच्या जागी माणसं डोळे मिटून घेत. लिओराला आशा वाटायला लागली. असल्या माणसाला पाडायला कोण परत येणार नाही? पण राग राग असतो आणि खडी खडी असते. विसरलेल्या बारांतल्या सात जणांनी हळहळत सांगितलं की बाई, तुमचं सगळं पटतं, पण रस्त्याचं बघायला हवं. शुक्रवारी दुपारी चार वाजता ती क्लार्कच्या कचेरीतून ताजी यादी घेऊन बाहेर पडली तेव्हा पाच जण परत आलेले होते. पाचवं नाव अल्विनचं. घरून निघताना तो कुंपणाच्या तारा आणायला जातोय असं सांगून गेला होता. डेलमरवरचा तीन वर्षांचा राग त्याने गायींसाठी गिळला होता. लिओराला रस्त्यातच रडू आलं, आणि तिने ट्रक बाजूला घेऊन नाक पुसलं.

चौदा आणि पाच, एकोणीस. तिने पाचदा बेरीज केली. एक कमी.

मतदान अग्निशमनाच्या गाडीच्या शेडमध्ये झालं. लिओरा सकाळीच मत देऊन आली आणि दिवसभर कमिटीचे कागद खोक्यात भरत बसली. खोक्यावर तिने स्ट्रॉमक्विस्टचं नाव घातलं, ते खोडलं, पुन्हा घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लार्कचा फोन आला. लोन ट्री काउंटी, गाढवछाप, गव्हर्नर: माल्डोनाडो एकोणीस, विल्कॉक्स एक.

वीस. लिओरा खुर्चीत बसली. मग तिच्या ध्यानात आलं की कमिटी वाचली, पण विल्कॉक्सला मत देणारं कुणीतरी आपल्यात आहे. राज्यभराचा निकालही आला होता. विल्कॉक्स जिंकला होता. शहरांनी त्याला भरभरून मतं दिली होती, आणि सगळ्यांनी कारण एकच सांगितलं होतं, की हा गावाकडे चालतो.

तिने पहिला संशय अल्विनवर घेतला. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि त्याला डब्यातल्या बीन्स गरम न करता वाढल्या. तिसऱ्या दिवशी न राहवून तिने सरळ विचारलं. अल्विनला आधी प्रश्नच कळेना. मग तो म्हणाला, माझ्या गायी त्या माणसाने कोंडल्या, मी त्याला मत देईन? आणि बोलत नव्हतीस होय, मला वाटलं जरा निवांत वाटतंय.

दुपारी आर्डिस कॉफीचं भांडं घेऊन आली. खोक्यावर खोडलेलं नाव तिने वाचलं, टेबलाशी बसली, रोल तोडून कॉफीत बुडवला. लिओरा तिला सांगत होती की एकोणीस जणांपैकी कोण असेल, आणि मुळात एकोणीस असताना वीस झाले कसे. आर्डिस खात राहिली. लिओरा बोलता बोलता थांबली.

"शुक्रवारी क्लार्ककडे किती वाजता गेलीस?"

"पाच वाजून चाळीस मिनिटांनी. तू यादी घेऊन गेल्यावर."

"तू अध्यक्ष आहेस, आर्डिस. हत्तीची."

"तीन आठवडे नाहीये. गुडघ्याचं दुखणं सांगून रजा टाकलीय. परत जायचा फॉर्म काल भरला." तिने बोटं चाटली. "तुझी कमिटी गेली असती तर भांडायला मी पंचेचाळीस मैल त्या दातवाल्याकडे जायचं की काय? मला नाही झेपायचं, गुडघा खरंच दुखतो."

"आणि डेलमर? सख्ख्या भावाला मत नाही दिलंस?"

"तुझ्या अल्विनने विरोधातलं दिलं नाही, मी बाजूचं दिलं नाही. फिटंफाट. आलाय तो निवडून. पण त्याला कळलं तर थँक्सगिव्हिंगला मला टर्कीचं एक हाड मिळायचं नाही, तेव्हा तोंड बंद ठेव."

तिला आर्डिसला मिठी मारायची होती. मग तिला उरलेलं आठवलं.

"आणि मत मात्र त्या फाटकवाल्याला दिलंस."

"तुला वीस डोकी हवी होती, विसावं दिलं. आतून काय भरायचं ते माझं मी बघितलं. तुमचा सगळ्यात कच्चा गडी समोर आला तर नोव्हेंबरात आमचं काम सोपं. मी हत्ती आहे गं, मैत्रीत सोंड कापून नाही देणार."

लिओराला हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तेही आवरेना. आर्डिसने तिच्यासमोर कागदी रुमाल सरकवला आणि आणखी एक रोल घेतला.

टेबलावर राज्याच्या कचेरीतून आलेला फॉर्म पडला होता. प्रत्येक काउंटी अध्यक्षाने तो आठवड्याच्या आत भरून पाठवायचा होता. शेवटचा प्रश्न ठळक अक्षरांत होता: आपल्या भागातील ग्रामीण मतदाराने श्री. विल्कॉक्स यांना कोणत्या कारणाने मत दिले? पुढे चार ओळी सोडलेल्या होत्या. लिओराने डोळे पुसले, पेन घेतलं, आर्डिसकडे एकदा बघितलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: मैत्रीखातर.